फळी पिशवीत घालून यंत्र बघायला गेले

२०२४च्या जानेवारी-फेब्रुवारीत मी पाच शनिवार पुणं पालथं घातलं. भोसरी, चिंचवड, शिवणे, नऱ्हे, एकदा पार चाकणपर्यंत. गुरुवारी तिकडे वीज बंद असते, म्हणून शनिवार. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात सागवानाच्या दोन फळ्या, व्हर्नियर, चुंबकी स्टँडसकट डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा), पाच किलोचा तानकाटा आणि एक पेनड्राइव्ह. लहान सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकी आज्ञांवर फिरत्या बिटाने (पात्याने) लाकूड कापणारं-कोरणारं यंत्र, घ्यायचा होता, आणि माझ्या लाकडावर चालताना बघितल्याशिवाय घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

हे ठरलं बाबांच्या एका वाक्यावरून. बाबा सुतार. चाळीस वर्षं त्यांनी नाना पेठेत पाट, चौरंग, देव्हारे केले. आता आमचा गाळा धायरीत आहे, बारा बाय सव्वीस फुटांचा. मी डिप्लोमा करून अकरा वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, मग नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आले. यंत्रांच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर बसले, तर त्यांनी एकही उघडलं नाही. म्हणाले, "पटाशीची धार दुकानात कळत नाही गं. लाकडाला लावल्यावर कळते."

अगदीच नवखी नव्हते मी. २०२१मध्ये ३०० बाय १८० मिलिमीटरचं एक छोटं यंत्र घेतलं होतं, ते टेबलावर मावणारं ३०१८. त्यावर जी-कोड (यंत्राला द्यायच्या आज्ञांच्या ओळी) वाचायला शिकले, शून्य, म्हणजे मापं जिथून सुरू होतात तो बिंदू, कसं धरायचं ते शिकले, चार-सहा अक्षरांच्या पाट्या केल्या. पण सागवानात एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेलं की त्याची मोटर दबायची. एका पाटीला अख्खी संध्याकाळ. शिकायला ते पुरेसं होतं, धंद्याला नाही.

सगळ्यात आधी मी आमची ऑर्डरची वही काढली. ज्यांना यंत्र घ्यायचंय त्यांनी शोरूम नंतर बघावी, वही आधी. आमच्या वहीत आदल्या वर्षी ४१२ नग होते. त्यात नावाच्या पाट्या निम्म्याहून जास्त, मग बारा, पंधरा आणि अठरा इंची चौरंगांचे माथे, देव्हाऱ्याच्या जाळ्या, थोडे पोळपाट, आणि गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) मखरं. (२०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर मखराचं काम आमच्याकडे वाढत गेलं.) तीन फुटांहून लांब नग होते फक्त नऊ.

आणि मला भेटलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सांगत होता, "ताई, घ्यायचं तर चार बाय आठ घ्या. नंतर हळहळाल." चार बाय आठचं यंत्र म्हणजे पूर्ण प्लायवूड शीट झोपेल असं. ते आमच्या गाळ्यात बसलं असतं, पण मग बाबांची बैठक, रंधायची जागा आणि पॉलिशचा कोपरा गेला असता. थ्री-फेजचं कनेक्शन, व्हॅक्यूम पंप, सगळं आलं असतं. नऊ नगांसाठी. मी ६०० बाय ९०० घेतलं, म्हणजे साधारण दोन बाय तीन फूट. आठ बाय चारच्या शीटमधून दोन बाय तीनचे पाच तुकडे निघतात आणि एक बाय दोनचा एक उरतो, त्यात पाट्या होतात. कापून आणायला दुकानदार थोडे पैसे घेतो, तेवढंच.

इथे एक बारकी गोष्ट विचारायची राहून जाते. ६०० हे काम करण्याचं माप झालं. गॅन्ट्रीच्या, म्हणजे कापणारं डोकं पेलणाऱ्या कमानीच्या, दोन खांबांमधून किती रुंद माल आत सरकतो, ते वेगळं. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. एका ठिकाणी खांबांमधलं अंतर इतकं नेमकं होतं की दोन फुटी तुकडा आतच गेला नसता. उंचीचंही तसंच. गॅन्ट्रीखाली ऐंशी मिलिमीटर असेल तर खाली फिक्स्चर (नग धरून ठेवणारा साचा) आणि वर लांब बिट लावल्यावर चौरंगाच्या जाड फळीला जागा उरत नाही. पण उंची उगाच जास्तही नको, कारण झेड अक्ष, म्हणजे वर-खाली जाणारा भाग, जितका खाली लोंबतो तितका तो हलतो.

आता माझी परीक्षा सांगते. पेनड्राइव्हमध्ये एकच फाइल होती. शंभर मिलिमीटरचं आरपार वर्तुळ, दोनशे मिलिमीटरचा चौकोन, आणि त्याखाली साठ अंशांच्या व्ही-बिटने (निमुळत्या टोकाच्या बिटाने) कोरलेला एक शब्द: कमळ.

कमळ यासाठी, की आमचं पोट मराठी पाट्यांवर चालतं आणि या तीन अक्षरांत यंत्राचं सगळं काही उघडं पडतं. शिरोरेषा म्हणजे एकाच अक्षावरची लांब सरळ धाव. गॅन्ट्री थरथरत असेल तर तिच्या कडेला लाटा उमटतात, उजेडात तिरपी धरली की दिसतात. आणि ळ. त्या दोन वाटोळ्या पोटांमध्ये बिट सारखं दिशा बदलतं. यंत्राला सरकवणाऱ्या स्क्रूच्या नटमध्ये जरासा जरी प्ले (ढिलेपणा) असला तरी दिशा बदलताना यंत्र क्षणभर जागच्या जागी राहतं आणि गोलाईवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बारीक सपाट खुणा पडतात. इंग्रजी अक्षरांच्या नमुन्यात हे लपून जातं, कारण विक्रेते बहुतेक वेळा सरळ काड्यांची मोठी अक्षरं कोरून दाखवतात. ळ लपू देत नाही.

वर्तुळाचं माप व्हर्नियरने दोन दिशांना घ्यायचं, आडवं आणि उभं. दोन्हींत फरक आला तर त्या त्या अक्षाचा प्ले कळतो. चौकोनाचे दोन कर्ण मोजायचे. सारखे नसतील तर गॅन्ट्री गुण्यात (काटकोनात) नाही. मग चौकोनाच्या कडेवरून नख फिरवायचं. खोलीच्या दोन फेऱ्यांमध्ये पायरी लागली तर कुठेतरी काहीतरी लवतंय.

एका विक्रेत्याने माझी फळी यंत्रावर ठेवूच दिली नाही. त्याची फाइल, त्याचा एमडीएफ. नमुना सुरेख आला होता. पण एमडीएफला रेषा नसते, तो सगळीकडून सारखाच कापला जातो. सागवानात मऊ-कडक पट्टे असतात, बिट एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरताना झटका बसतो, आणि त्या झटक्यातच यंत्राचा कणा कळतो. मी तिथून उठले.

दुसरी परीक्षा तानकाट्याची. डायल गेज बेडवर चिकटवायचं, टोक स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरला) टेकवायचं आणि तानकाट्याने स्पिंडल बाजूला पाच किलोपर्यंत ओढायचा. अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलचं एक देखणं यंत्र होतं, त्यावर काटा जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकला. आम्ही घेतलं त्यावर ०.१२ मिलिमीटर. हे यंत्र दिसायला ओबडधोबड आहे, वेल्डिंगची स्टीलची चौकट, रंगही कुठे कुठे पुसट. पण चार माणसं लागली उचलायला. यंत्राचं वजन किती, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला आणि तो विचारल्यावर खरा जाणकार विक्रेता लगेच ओळखू येतो. तो खूश होतो.

स्क्रूबद्दल थोडक्यात. एवढ्या लहान मापाला मी १६ मिलिमीटर व्यासाचा बॉल स्क्रू (ज्याच्या नटमध्ये छर्रे असतात) पसंत केला. रॅक-पिनियन लांब यंत्राला ठीक, पट्टा हलक्या यंत्राला. पितळी नटचा साधा लीड स्क्रू नवा असताना छान चालतो, पण धंद्यात रोज आठ तास धुळीत फिरल्यावर तो झिजणार, आणि मग ळ बिघडणार. स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर असेल तर मोटरच्या मिनिटाला हजार फेऱ्यांत ५,००० मिलिमीटर सरकतं. आम्हाला तेवढं पुरतं. का पुरतं, तर त्याचं गणित असं.

माझं रोजचं बिट ६ मिलिमीटरचं, दोन दातांचं. स्पिंडल १६,००० फेऱ्यांवर. दर दाताने ०.१ मिलिमीटरची ढलपी काढावी असं धरलं तर १६,००० गुणिले २ गुणिले ०.१, म्हणजे मिनिटाला ३,२०० मिलिमीटर. यंत्र या वेगाने थरथर न करता सागवानातून जाऊ शकत नसेल, तर माणूस वेग कमी करतो. वेग कमी केला की दात ढलपी काढायचं सोडून लाकडावर नुसता घासतो. कड काळी पडते, जळका वास येतो, बिट मरतं. सागवानात सिलिका असते, त्यात धार आधीच लवकर जाते. म्हणून मी खाली पडणारा भुसा चिमटीत घेऊन बघते. पिठासारखी भुकटी असेल तर कुठेतरी चुकलंय, जाडसर ढलप्या असतील तर बरोबर. बाबा रंध्याच्या ढलप्या बघून पात्याची बसवण सांगतात, ते आणि हे एकच.

स्पिंडल २.२ किलोवॅटचा, ईआर२० कोलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा) घेतला. ४०० हर्ट्झला २४,००० फेऱ्या. पाण्याने थंड होणारा की हवेने, यावर मी बराच विचार केला. हवेच्या स्पिंडलला टाकी, पंप, नळ्या काही नको, पण त्याचा पंखा दिवसभर शिट्टी मारतो. बाबांना आता कमी ऐकू येतं. करवतीच्या आवाजात गेलेल्या वर्षांनी ते झालंय. तेही याच गाळ्यात बसतात. मी पाण्याचा घेतला. कापतानाचा आवाज राहतोच, पण वरची ती सलग शिट्टी नाही. पंप बंद राहिला तर स्पिंडल जळतो, म्हणून पाण्याच्या वाटेत फ्लो स्विच बसवून तो थेट व्हीएफडीला (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणाऱ्या पेटीला) जोडून घेतला. पाणी वाहत नसेल तर स्पिंडल सुरूच होत नाही. विक्रेत्याने हे आपणहून दिलं नव्हतं, मी मागून घेतलं. तुम्हीही मागून घ्या.

विजेचं सांगायलाच हवं. हा स्पिंडल सिंगल फेजवर चालतो. व्हीएफडी आत एक फेज घेऊन बाहेर तीन काढतो. मीटरवरचा मंजूर भार मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण सोबत डस्ट कलेक्टरही फिरणार असतो. पण आमचा खरा त्रास अर्थिंगचा निघाला. पहिल्या महिन्यात देव्हाऱ्याची एक जाळी दोन तास चाललेली असताना अचानक वाय अक्ष तीन मिलिमीटर सरकला. आख्खी फळी गेली, आणि ती गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या जुन्या वाड्याच्या सागवानाची होती. त्यांच्या आजोबांच्या माजघरातलं लाकूड. मी त्यांना फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता. नंतर दोन दिवस शोधल्यावर कळलं, की गाळ्याचं अर्थिंग नावालाच होतं आणि स्पिंडलच्या वायरीतला विजेचा गोंगाट लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणाऱ्या स्विचच्या) आणि मोटरच्या वायरींत शिरत होता. आम्ही नवीन अर्थिंगचा खड्डा घेतला, स्पिंडलला शील्ड असलेली केबल टाकली आणि सिग्नलच्या वायरी तिच्यापासून दूर नेल्या. त्यानंतर तसं पुन्हा झालेलं नाही. यंत्र यायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, माझी कळकळीची विनंती आहे.

कंट्रोलरमध्ये मी हातात धरायचा डीएसपी (यंत्र चालवायचा बटणांचा डबा) घेतला. फाइल पेनड्राइव्हने द्यायची, संगणक भुशात ठेवायची गरज नाही. वीज गेली तर तो कुठल्या ओळीवर थांबला ते लक्षात ठेवतो आणि वीज आल्यावर तिथून पुढे चालू करता येतं. पण त्यासाठी यंत्राला होमिंगचे (मूळ जागा शोधायचे) स्विच हवेत, कारण वीज गेली की स्टेपर मोटर आपली जागा विसरते. स्विच नसलेलं यंत्र स्वस्त मिळत होतं. आमच्या भागात वीज जाते, त्यामुळे त्याचा विचार मी केलाच नाही.

धुळीबद्दल मी कुणाशीही तडजोड करणार नाही. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफमध्ये त्यात फॉर्मल्डिहाइडचा रेझिन असतो. राऊटर हाताने चालवताना माणूस मधेमधे थांबतो. सीएनसी थांबत नाही, तासन्‌तास बारीक धूळ उडवत राहतो. बाबांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यामुळे स्पिंडलभोवती ब्रशचा बूट, चार इंची नळी, मधे सायक्लोन (जाड भुसा वेगळा पाडणारा) आणि मग पिशवीचा कलेक्टर, हे यंत्राच्याच ऑर्डरमध्ये धरलं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर दोन दिवसांत गुदमरतो. मास्क तरीही लावतोच.

आता ज्यावर धंदा उभा आहे ती गोष्ट: जॉब बांधणं, म्हणजे नग यंत्रावर पक्का धरणं. यंत्र बघायला गेलं की सगळे वेग दाखवतात, जॉब कसा बांधला हे कुणी दाखवत नाही. पहिल्या महिन्यात माझी एक पाटी कोरायला अठरा मिनिटं लागायची, आणि ती बांधायला, शून्य धरायला, काढायला बारा. स्पिंडल दुप्पट वेगाने फिरवूनही त्या बारा मिनिटांना धक्का लागत नाही. मग मी बेडवर १८ मिलिमीटरचा एमडीएफ कायमचा बसवला, त्यात शंभर-शंभर मिलिमीटरवर खालून टी-नट ठोकले, आणि बारा बाय सहा इंची पाट्यांसाठी सहा घरांचं एक फिक्स्चर केलं. प्रत्येक घराच्या दोन कडांना यंत्रानेच भोकं पाडून त्यात खुंट्या ठोकल्या. पाटी खुंट्यांना टेकवायची आणि तिसऱ्या बाजूने लाकडी कॅम फिरवून दाबायची. ते कॅम बाबांनी बाभळीचे केले. शून्य एकदाच धरायचं, कारण खुंट्या त्याच यंत्राने पाडलेल्या भोकांत आहेत. आता सहा पाट्या बांधायला पाच मिनिटं लागतात. यंत्र त्यांच्यावर चालू असतं तेव्हा मी आधीच्या सहांना घासकागद मारते.

बारीक, वेड्यावाकड्या नगांना मी चिकटवते. नगाच्या पाठीला मास्किंग टेप, बेडला मास्किंग टेप, दोन्हींच्या मधे फेव्हिक्विकचे चार ठिपके. निघताना लाकडाला काही लागत नाही. जाळीची भोकं आरपार पाडताना खाली ०.३ मिलिमीटरचा पापुद्रा ठेवते आणि नंतर घासून काढते, म्हणजे सुटलेला तुकडा बिटात अडकून उडत नाही. प्लायला खाली दाबणारं डाउनकट बिट लावते, वरचा व्हिनिअर फाटत नाही.

अक्षरांचं एक सांगते, हे मला कुणी सांगितलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. देवनागरी अक्षरं मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते, पाथमध्ये (कडांच्या रेषांत) बदलते आणि सगळी एकत्र करून युनियन मारते, म्हणजे जोडून एकच आकृती करते. कारण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. तशीच फाइल दिली तर व्ही-बिट प्रत्येक जोडावर आत वळतं आणि शिरोरेषेला दातरे पडतात. युनियन केल्यावर ती एकसंध होते. टूलपाथसाठी, म्हणजे बिटाची वाट आखायला, मी व्हीकार्व्ह डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर वापरते. त्यात एका जॉबची मर्यादा २५ बाय २५ इंच आहे, म्हणजे माझा ९०० मिलिमीटरचा बेड एका दमात वापरता येत नाही, तुकडे पाडावे लागतात. आमच्या पाट्यांचं फिक्स्चर त्या मर्यादेत बसवलंय.

खर्च. यंत्र २,६५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४७,७००, म्हणजे ३,१२,७००. जीएसटी नोंदणी आहे, त्यामुळे तो कर पुढे वळता झाला. त्याशिवाय कलेक्टर, सायक्लोन, अर्थिंग, वायरिंग, बिटं आणि सॉफ्टवेअर मिळून सुमारे ऐंशी हजार. हा दुसरा आकडा लोक धरत नाहीत आणि मग यंत्र आणून महिनाभर नुसतं बसतं. कर्ज मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातून घेतलं, तो ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत असतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नका.

विक्रेता पुण्यातलाच निवडला याचं मला अजून समाधान आहे. बाहेरून मागवलेलं यंत्र पन्नास हजारांनी स्वस्त पडत होतं. पण एप्रिलमध्ये झेडच्या मोटरचं कपलिंग सैल झालं तेव्हा त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी धायरीत होता, आणि जाताना मला ते कसं घट्ट करायचं ते शिकवून गेला. अशा वेळी लग्नसराईच्या पाट्यांच्या तारखा डोक्यावर असतात.

पहिल्या पावसात बेडवरचा एमडीएफ फुगला. मधे अर्धा मिलिमीटर उंचवटा, म्हणजे एकाच पाटीची अक्षरं एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. तेव्हापासून पाऊस लागून हवा दमट झाली की मी २२ मिलिमीटरच्या सपाट बिटाने बेड पुन्हा रंधून घेते आणि वरून सीलरचा हात मारते. रेल रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवते, नाहीतर जुलैत त्यांच्यावर तांबूस ठिपके दिसू लागतात. टिंबर मार्केटमधून आणलेलं सागवानही पावसाळ्यात लगेच यंत्रावर घेत नाही, पंधरा दिवस गाळ्यात पट्ट्या घालून रचून ठेवते.

त्या शनिवारांची फळी, ज्यावर पाच वेगवेगळ्या यंत्रांनी कोरलेली पाच कमळं आहेत, ती बाबांनी त्यांच्या बैठकीमागे खिळ्याला अडकवलीय. कुणी यंत्राबद्दल विचारायला आलं की ते आधी ती फळी हातात देतात आणि म्हणतात, "यातला बरा ळ कुठला, ते सांग बघू."